नत्र फुकट नाही : नायट्रोजिनेज विकराच्या रचनेचा इतिहास आणि शिरूर तालुक्यातील शेती

प्रस्तावना

हवेच्या सुमारे ७८ टक्के भागात नत्र आहे आणि जिवाणू तो पिकाला फुकट मिळवून देतात, असे वाक्य शालेय पाठ्यपुस्तकांपासून जिवाणू खतांच्या माहितीपत्रकांपर्यंत सर्वत्र आढळते. या वाक्याचा पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो. हे काम जिवाणूच्या पेशीतील ज्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, घडते त्यास नायट्रोजिनेज म्हणतात. या विकराची रचना समजून घेण्यासाठी विसाव्या शतकात जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास म्हणजे एका अर्थाने या 'फुकट' नत्राची खरी किंमत कळत जाण्याचा इतिहास होय. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेतला असून पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या, विशेषतः निमोणे परिसराच्या, शेतीच्या संदर्भात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे. विषय जीवरसायनशास्त्राचा असला तरी विवेचन सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांसाठी आहे. म्हणून समीकरणांऐवजी शब्दांचा आधार घेतला आहे.

बेवड : अनुभव आणि विज्ञान

निमोणे हे घोड आणि भीमा या नद्यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील गाव. हा सर्व प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि बेभरवशाचा असल्यामुळे येथील जुनी शेती बाजरी, ज्वारी आणि त्यांच्या जोडीला तूर, मटकी, हुलगा, मूग, हरभरा अशा कडधान्यांवर उभी होती. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत यासाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'बेवड'. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमीन कशी ठेवली, हे या एका शब्दात सांगितले जाते. कडधान्याचा बेवड चांगला, हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. ते अनेक पिढ्यांच्या निरीक्षणातून आले आहे.

या निरीक्षणाचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. फ्रान्समध्ये बुसँगो यांनी १८३० च्या दशकात क्लोव्हरसारखी शिंबावर्गीय पिके नत्राची भर घालतात असे दाखविले होते. परंतु ती भर कोठून येते यावर पुढे अर्धशतक वाद चालला. १८८६ ते १८८८ या काळात जर्मनीतील हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी हे कार्य मुळांवरील गाठींमुळे व त्यांतील सूक्ष्मजीवांमुळे होते हे सिद्ध केले आणि १८८८ साली नेदरलँड्समध्ये बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. याच सुमारास, १८८९ च्या अखेरीस, डॉ. जॉन ऑगस्टस व्होलकर हे हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात येथील मिश्र पिकांची व कडधान्यांच्या फेरपालटाची आदरपूर्वक दखल घेतलेली आहे. म्हणजे युरोपातील विज्ञानाला जे कारण नुकतेच गवसले होते, त्याचा व्यवहार येथे आधीपासून रूढ होता.

यानंतर दोन मुक्तजीवी जिवाणूंची नावे महत्त्वाची ठरली. विनोग्राडस्की यांनी १८९० च्या दशकात हवेविना जगणारा क्लॉस्ट्रिडियम पाश्चरियानम हा नत्र स्थिर करणारा जिवाणू शोधला, तर १९०१ साली बायरिंक यांनी हवेत वाढणाऱ्या ॲझोटोबॅक्टरचे वर्णन केले. हिंदुस्थानात बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली शिंबावर्गीय पिकांच्या गाठींतील जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या देशातील या विषयाच्या पद्धतशीर संशोधनाचा आरंभ सामान्यतः या अभ्यासापासून मानला जातो.

दोन मार्ग : कारखाना आणि पेशी

१८९८ साली ब्रिस्टल येथील भाषणात सर विल्यम क्रुक्स यांनी गव्हाला लागणारा नत्र लवकरच अपुरा पडेल असा इशारा दिला. त्याला रसायनशास्त्राने दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये नत्र व हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनविण्याची रीत यशस्वी केली आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊ येथे ती कारखान्यात आणली. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दोनशेपट दाब ही या रीतीची गरज. स्वतंत्र भारतात १९५१ साली सिंद्री येथे आणि पुढे मुंबईत ट्रॉम्बे येथे खत कारखाने उभे राहिले.

नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि हा बंध निसर्गातील अत्यंत बळकट बंधांपैकी एक आहे. कारखान्याला त्यासाठी एवढे तापमान आणि दाब लागत असताना जिवाणू हेच काम शेतातील मातीच्या तापमानाला कसे करतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू देईना. पहिला धागा १९३० साली मिळाला. जर्मनीतील बोर्टेल्स यांनी दाखविले की ॲझोटोबॅक्टरला नत्र स्थिर करण्यासाठी मॉलिब्डेनम हे मूलद्रव्य अल्प प्रमाणात लागते. परंतु पेशी फोडताच ही क्रिया थांबत असे, आणि जे विकर पेशीबाहेर टिकतच नाही त्याची रचना अभ्यासणार कशी?

ही कोंडी १९६० साली फुटली. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्नाहान, मॉर्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लॉस्ट्रिडियमच्या पेशीरहित अर्कात नत्राचे स्थिरीकरण सातत्याने घडवून आणले. त्यानंतरच्या काही वर्षांत तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. या क्रियेला एटीपी, म्हणजे पेशीतील ऊर्जेचे चलन, खर्च करावे लागते. हे विकर एक नसून दोन प्रथिनांची जोडी आहे. त्यांतील एकात लोह आणि दुसऱ्यात लोह व मॉलिब्डेनम दोन्ही असतात. तिसरी गोष्ट अशी की दोन्ही प्रथिने प्राणवायूच्या संपर्कात आली की निकामी होतात. लोहप्रथिनाची निम्मी क्रियाशीलता तर हवेत एका मिनिटाच्या आत नष्ट होते. १९६० पूर्वीच्या अपयशाचे एक मोठे कारण यावरून उघड झाले. १९७७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात व्ही. के. शहा आणि विन्स्टन ब्रिल यांनी मोठ्या प्रथिनातून लोह-मॉलिब्डेनम सहघटक वेगळा काढला. विकराचा गाभा अशा रीतीने प्रथमच हाती आला. त्याचे रूप मात्र अद्याप अज्ञात होते.

रचनेचा उलगडा

प्रथिनाचे स्फटिक तयार करून त्यांवर क्ष-किरण सोडले असता किरण ज्या रीतीने विखुरतात त्यावरून अणूंच्या जागा काढता येतात. या पद्धतीने १९९२ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जोंगसुन किम आणि डग्लस रीस यांनी ॲझोटोबॅक्टर व्हिनेलँडीच्या मोठ्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्याच गटाने लोहप्रथिनाची रचनाही मांडली.

लोहप्रथिन हे दोन सारख्या साखळ्यांचे असून त्यांच्या मध्ये चार लोह व चार गंधक अणूंचा एक पुंजका असतो. एटीपी बसण्याच्या जागाही याच प्रथिनात आहेत. मोठे प्रथिन चार साखळ्यांचे आहे. दोन प्रकारच्या प्रत्येकी दोन साखळ्या मिळून ते बनते. त्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात दोन धातुपुंजके आहेत. पहिल्यास पी-पुंजका म्हणतात. त्यात आठ लोह आणि सात गंधक अणू असतात. दुसरा म्हणजे लोह-मॉलिब्डेनम सहघटक. त्यात सात लोह, नऊ गंधक, एक मॉलिब्डेनम आणि होमोसायट्रेट नावाचे एक सेंद्रिय आम्ल असते. नत्राचा रेणू येथेच फोडला जातो.

या रचनेवरून कार्यपद्धती समजली. लोहप्रथिन दोन एटीपी घेऊन मोठ्या प्रथिनाला चिकटते, एक इलेक्ट्रॉन देते, एटीपीचे विघटन होते आणि ते सुटून जाते. तो इलेक्ट्रॉन पी-पुंजक्यामार्फत सहघटकापर्यंत पोहोचतो. ही चिकटण्या-सुटण्याची फेरी नत्राच्या एका रेणूसाठी आठ वेळा व्हावी लागते. १९९७ साली दोन्ही प्रथिने एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेतील रचना उपलब्ध झाली आणि या चित्राला दुजोरा मिळाला.

सहघटकाच्या मध्यभागी मात्र १९९२ च्या चित्रात पोकळी दिसत होती. २००२ साली आइन्झले, रीस आणि सहकाऱ्यांनी १.१६ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्म पातळीवर रचना काढली, तेव्हा त्या पोकळीत एक हलका अणू असल्याचे आढळले. तो नत्राचा, प्राणवायूचा की कर्बाचा, हा वाद नऊ वर्षे चालला. २०११ साली दोन स्वतंत्र संशोधनांनी तो कर्बाचा अणू असल्याचे निश्चित केले. कोणतेही वैज्ञानिक 'चित्र' त्या काळच्या साधनांच्या मर्यादेतच पूर्ण असते, याचे हे उदाहरण इतिहासाच्या अध्यापकांनाही उपयुक्त वाटावे.

प्राणवायूचा प्रश्न आणि शेठना प्रथिन

रचनेमुळे एक जुनी विसंगती अधिक तीव्र झाली. एटीपी तयार करण्यासाठी बहुतेक जिवाणूंना श्वसन हवे आणि श्वसनाला प्राणवायू हवा. परंतु नायट्रोजिनेजचे लोह-गंधक पुंजके प्राणवायूमुळेच नष्ट होतात. निसर्गाने या पेचातून वेगवेगळे मार्ग काढले आहेत. कडधान्याच्या गाठी कापल्यावर आत जो लालसर रंग दिसतो तो लेगहिमोग्लोबिनचा. हे द्रव्य मुक्त प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प ठेवून जिवाणूला तो मोजून पुरविते. ॲनाबीनासारखी नील-हरित शैवाले यासाठी जाड भित्तीच्या वेगळ्या पेशी तयार करतात. याच शैवालांवर ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात जे. थॉमस आणि एस. के. आपटे यांनी काम केले व त्यांच्यातील नायट्रोजिनेजच्या क्रियाशीलतेला सोडियमची आवश्यकता असते असे १९८० साली दाखविले. ज्या ट्रॉम्बेत उच्च दाबाखाली अमोनिया तयार होत होता, तेथेच सौम्य परिस्थितीत तो बनविणाऱ्या विकराचाही अभ्यास चालू होता, ही नोंद आपल्या वैज्ञानिक इतिहासात राहावयास हवी.

ॲझोटोबॅक्टरचा मार्ग आणखी निराळा आहे. १९६० च्या दशकात विस्कॉन्सिन येथे वाय. आय. शेठना यांनी पी. डब्ल्यू. विल्सन आणि हेल्मुट बाइनर्ट यांच्यासमवेत या जिवाणूतील लोह-गंधक प्रथिने वेगळी केली. शेठना पुढे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत कार्यरत होते. त्यांनी वर्णिलेल्या प्रथिनांपैकी दुसरे आज जगभर 'शेठना प्रथिन दोन' या नावाने ओळखले जाते. प्राणवायू वाढला की हे प्रथिन नायट्रोजिनेजच्या दोन्ही घटकांना चिकटून एक निष्क्रिय पण सुरक्षित संच तयार करते, असे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दिसून येऊ लागले. तो संच प्रत्यक्षात कसा दिसतो हे मात्र २०२५ साली कळले. अमेरिका आणि जर्मनी येथील दोन गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्याची रचना प्रसिद्ध केली. तीत शेठना प्रथिन लोहप्रथिन व मोठे प्रथिन यांना जोडून धरते आणि असे संच एकापुढे एक लागून लांब तंतू तयार होतात, असे आढळते. संकट टळेपर्यंत विकर काम थांबवून स्वतःला झाकून घेते, असे याचे वर्णन करता येईल.

उसातील जिवाणू

आता पुन्हा शिरूर तालुक्याकडे वळू. घोड नदीवरील चिंचणी येथील धरणामुळे या कोरडवाहू पट्ट्याच्या काही भागाला पाणी मिळाले. तालुक्यातच न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस आला. या बदलाने अनेक कुटुंबांना स्थैर्य दिले, हे मान्य करावयास हवे. परंतु नत्राच्या हिशोबाच्या दृष्टीने हा मोठा पालट होता. ऊस दीर्घ मुदतीचा; त्यानंतर खोडवा. कडधान्याला दिला जाणारा हंगाम त्यात उरत नाही. बेवडाची जागा गोणीने घेतली. महाराष्ट्रात आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो आणि सुरू उसासाठी २५० किलो नत्राची शिफारस प्रचलित झाली, यावरून या गरजेची कल्पना येते.

अशा स्थितीत ब्राझीलमधून आलेली एक वार्ता आशादायक ठरली. १९८८ साली काव्हाल्कान्ते आणि योहाना ड्योबेरायनर यांनी उसाच्या मुळांत व कांड्यांत राहणारा, भरपूर साखर व आम्लता सहन करणारा नत्र-स्थिरक जिवाणू वर्णिला. पुढे त्यास ॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस आणि त्यानंतर ग्लुकॉनॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस असे नाव मिळाले. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने ॲसिटोबॅक्टरचे जिवाणू खत शेतकऱ्यांना उपलब्ध करून दिले, आणि लागणीपूर्वी बेणे त्याच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत ऊसपट्ट्यात परिचयाची झाली.

या जिवाणूच्या विकराचाही स्वतंत्र अभ्यास झाला आहे. त्याच्यातही शेठना प्रथिनासारख्या प्रथिनाद्वारे प्राणवायूपासून संरक्षण मिळत असल्याचा पुरावा २००२ साली पुढे आला. २०१६ साली कॅलिफोर्नियातील तेझकान यांच्या गटाने त्याच्या मोठ्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. ॲझोटोबॅक्टरच्या पी-पुंजक्याशेजारी ज्या जागी सेरिन हे अमिनो आम्ल असते, तेथे उसातील जिवाणूत ॲलानिन असते आणि पुंजक्याचे ऑक्सिडीकरण झाल्यावर जवळच्या दुसऱ्या जागेवरील टायरोसिन पुंजक्याशी बंध जोडते, असे त्यात आढळले. म्हणजे विकराचा मूळ आराखडा तोच. पण पुंजक्यालगतच्या एका महत्त्वाच्या जागी फरक आहे.

रचनेने सांगितलेला हिशोब

वरील इतिहासातून शेतीच्या दृष्टीने चार निष्कर्ष निघतात.

पहिला, ऊर्जेचा. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू बनविण्यासाठी किमान सोळा एटीपी आणि आठ इलेक्ट्रॉन लागतात. त्यांपैकी दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजन वायू बनविण्यात खर्च होतात. ही ऊर्जा अखेर पिकाच्या साखरेतून किंवा जमिनीतील सेंद्रिय पदार्थांतून येते. सेंद्रिय कर्ब खालावलेल्या जमिनीत ॲझोटोबॅक्टर सोडणे म्हणजे मजूर आणून त्यास उपाशी ठेवण्यासारखे आहे.

दुसरा, वेळेचा. चिकटण्या-सुटण्याच्या आठ फेऱ्यांमुळे हे विकर अतिशय संथ आहे. एका रेणूस सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणून पेशीला ते मोठ्या प्रमाणात बनवून ठेवावे लागते. हा खर्च जिवाणू गरज असेल तरच करतो.

तिसरा, युरियाचा. युरियापासून जमिनीत अमोनियम तयार होते, आणि आयता अमोनियम मिळत असेल तर बहुतेक नत्र-स्थिरक जिवाणू हे विकर बनविणेच थांबवितात. उसातील जिवाणूवर नायट्रेटचा परिणाम फारसा होत नाही आणि अमोनियमनेही त्याची क्रिया अंशतःच दबते. तथापि मेक्सिकोत व तामिळनाडूत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, नत्र खत जास्त दिलेल्या उसात हा जिवाणू कमी प्रमाणात सापडला. म्हणून बेणे जिवाणूच्या द्रावणात बुडवावयाचे आणि युरियाची पूर्ण मात्राही द्यावयाची, या व्यवहारात जिवाणूवरील खर्च बहुतांशी वाया जाण्याचा संभव आहे. ऊस जिवाणूंकडून नेमका किती नत्र मिळवितो याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, हेही शेतकऱ्यास प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

चौथा, मूलद्रव्यांचा. विकराच्या प्रत्येक पुंजक्यात लोह व गंधक आहे, गाभ्यात मॉलिब्डेनम आहे, आणि एटीपीसाठी स्फुरद लागते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह व स्फुरद असूनही पिकाला सहज मिळत नाहीत. तेथे गाठी कमी आल्या तर दोष जिवाणूच्या पाकिटाचाच असेल असे नाही.

समारोप

कडधान्याचा बेवड का उपयोगी पडतो, हे सांगण्यास विज्ञानाला १८८६ ते २०२५ असा प्रदीर्घ काळ लागला आणि काही प्रश्न, विशेषतः तिहेरी बंध नेमका कोणत्या पायरीने तुटतो हा प्रश्न, अजूनही पूर्णपणे सुटलेला नाही. परंतु जे कळले आहे त्यातून एक गोष्ट निःसंदिग्धपणे पुढे येते. नत्र कोणालाच फुकट मिळत नाही. कारखाना त्याची किंमत इंधनात देतो, जिवाणू एटीपीत देतो आणि वनस्पती साखरेत देते. निमोण्यासारख्या गावातील जुना शेतकरी ही किंमत जमिनीचा एक हंगाम कडधान्याला देऊन चुकवीत असे. त्याला ती ठाऊक होती म्हणूनच त्याने बेवडाचा शब्द जपला.

कोरडवाहू शेतीकडे जसेच्या तसे परतावे, असे येथे सुचवावयाचे नाही. ऊस राहणार आहे आणि युरियाही काही प्रमाणात राहणार आहे. परंतु खोडवा मोडल्यावर एक हंगाम हरभरा, मूग किंवा तागासारखे हिरवळीचे खत घेणे, पाचट न जाळता जमिनीत कुजविणे, आणि जिवाणू खत वापरल्यास माती परीक्षणाच्या आधारे युरियाची मात्रा खरोखरच कमी करणे, या तिन्ही गोष्टींचे समर्थन विकराच्या रचनेतच आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील एखाद्या गावाचा नत्राचा ताळेबंद मांडावा; किती गोण्या आल्या, किती हंगाम कडधान्याला मिळाले, मातीतील कर्बाचे प्रमाण काय राहिले, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी. अशा नोंदी हाती आल्या, तर प्रयोगशाळेत उलगडलेली रचना आणि शेतकऱ्याचा बेवड यांचा संबंध आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेरही दाखविता येईल.